हातात असेल तोवर

त्या घरात दारं नव्हती. रस्त्याकडचं मोठं दार तेवढं होतं. बाकी खोल्यांची दारं मावशीने बिजागऱ्यांतून काढून त्यांच्यावर चित्रं रंगवली होती. कॅनव्हासपेक्षा दार बरं, म्हणायची, कुठेही उभं राहतं. त्यामुळे स्वयंपाकघरात कोणी कप ठेवला तरी तो आपल्याच उशाशी ठेवल्यासारखा वाजायचा. पुस्तकात तोंड खुपसून बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने अशा घरात, तेही जॅझ वाजवणाऱ्यांमध्ये राहावं, हे आज लिहितानाही मला खरं वाटत नाही. पण राहिलो. किती नीट आठवतंय याची खात्री देत नाही. वहिनींना विचारलंत तर यातलं अर्धं त्या खोडून काढतील.

घर म्हणजे एके काळची फर्निचरची वखार. मावशी ही गजरची सख्खी मावशी, पण तिथे येईल त्याचीही ती मावशीच व्हायची. गजर आमचा ड्रमवाला. उजाडायच्या आत उठून उशीवर काठ्या बडवत सराव करायचा, म्हणून गजर. सॅक्सोफोन वाजवायचा दादा, माझा थोरला भाऊ. त्यानेच मला तिथे आणलं. त्यांना डबल बेस, म्हणजे ते माणसाएवढं उभं तारांचं वाद्य, वाजवायला तिसरा माणूस हवा होता, आणि दादाचं म्हणणं असं की, "नाहीतरी तुला चारचौघांत तोंड उघडता येत नाही. या वाद्यामागे माणूस अख्खा लपतो."

ते अगदी खरं निघालं. मागे उभं राहायचं, इतरांना पायाखाली जमीन आहे असं वाटेल एवढंच वाजवायचं, आणि आपल्याकडे कोणी बघत नाही. इतकी सोयीची जागा मला पुढे आयुष्यात कुठे मिळाली नाही. दादानेच पहिले धडे दिले. बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले, मग कातडी जाड झाली. मी चांगला वाजवत होतो का? माहीत नाही. कोणी थांबवलं नाही, एवढं सांगू शकतो.

घराचा नियम एकच होता. वस्तू हातात असेल तोवर तुझी; खाली ठेवलीस की घराची. आणि दुसऱ्याच्या हातातलं मागायचं नाही. मावशीने हा नियम केला तो कोणे एके काळी तिथे राहणाऱ्या लोकांनी ब्रश, पातेली, चादरी आपापल्या कोपऱ्यात दडपून ठेवल्या म्हणून. नियम झाल्यावर वस्तू फिरत्या राहिल्या. त्या घरात मी कितीतरी कादंबऱ्या मध्यावर गमावल्या. चहा ओतायला म्हणून पुस्तक टेबलावर ठेवायचं आणि वळून बघावं तर गजर ते घेऊन माडीवर. खुनी कोण ते मग आंघोळीच्या रांगेत त्याच्याचकडून कळायचं, तेही चुकीचं. शेवटी मी चालता चालता वाचायला शिकलो.

बेसही घराचाच. पूर्वी कोणी राहून गेलेला माणूस तो ठेवून गेला होता. पण त्याला हात लावणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता, म्हणून तो माझा आहे अशी माझी समजूत झाली होती.

मग दादा एका हॉटेलच्या वाद्यवृंदात काही महिने काम करायला गेला आणि येताना लग्न करून आला. आधी कोणाला काही पत्ता नाही. मोठ्या दारात दोघं उभे, त्याच्या पाठीवर सॅक्सोफोनची पेटी, तिच्या हातात बॅग.

"किड्या," दादा म्हणाला (पुस्तकी किडा, त्याचं लाडकं नाव), "ही तुझी वहिनी. बघत काय बसलास, बॅग घे की."

मी सराव करत होतो. गडबडीत बेस आडवा ठेवला आणि बॅग घ्यायला धावलो. बॅग जिन्याशी नेऊन ठेवतोय तोवर मागून आवाज आला. चारपाचच सूर असतील. एकामागून एक, सावकाश, पाण्यात दगड टाकून खोली बघावी तसे. त्याच तारा, तेच लाकूड, पण माझ्या हातात जे वाद्य खोकायचं ते बोलायला लागलं होतं. माडीवरून गजर अर्ध्या दाढीला साबण लावलेला तसाच खाली आला. "कोण आहे? कोण वाजवतंय?"

"वहिनी," मी म्हणालो.

हॉटेलात त्या बेसच वाजवत होत्या. वाद्य हॉटेलचं होतं, ते तिथेच राहिलं. घराचा नियम त्यांना अजून कोणी सांगितला नव्हता. त्यांनी बेस हळूच होता तसा ठेवला आणि हात पुसत म्हणाल्या, "छान आहे हो तुमचा."

तुमचा! मी इतक्या चपळाईने तो उचलला की मावशी हसायला लागली.

त्या क्षणापासून मी बेस खाली ठेवला नाही.

हे लिहायला सोपं आहे. तो माझ्या कानापर्यंत उंच आणि कपाटाएवढा रुंद. जिन्यात त्याला वळवताना भिंतीचे पोपडे निघायचे. भिंतीला टेकवला तर 'ठेवला' म्हणायचं का, यावर स्वयंपाकघरात न्यायनिवाडा झाला. मावशीने पळीने रंग ढवळत निकाल दिला, "अंगाला लागलेला असेल तर हातात. नसेल तर घराचा." तेव्हापासून मी पाठ टेकवून बसायचो ती त्यालाच. झोपताना त्याची मान दंडाखाली घ्यायचो आणि मफलरने मनगटाला बांधायचो.

"अरे, तुझी बायको आहे का ती, सारखी कवटाळून बसायला?" मावशी म्हणाली.

"बायकोला तरी कोणी संडासात नेत नाही," गजर म्हणाला.

"दारच नाही म्हटल्यावर," मी पुटपुटलो, "बाहेर काय नि आत काय."

हसले सगळे. मीही हसलो असेन. पण आत नुसती तगमग होती. बेस गेला तर या घरात मी कोण? मावशी रंगवत होती, गजर बडवत होता, दादा तर दादाच होता. माझ्यापाशी ती मागची जागा सोडून दुसरं काही नव्हतं, आणि त्या जागेवर माझ्यापेक्षा चांगलं कोणी उभं राहू शकतं हे त्या चारपाच सुरांत घरादाराला कळलं होतं. गजरचा तो साबण लागलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माझं वाजवणं ऐकून तो कधी जिना उतरला नव्हता.

वहिनींना नियम दुसऱ्या दिवशी कळला. त्यांचा कंगवा गेला आणि थोड्या वेळाने गजर तो झांजेवर घासून कसला आवाज येतो ते बघताना सापडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "अच्छा. म्हणून होय."

त्यांनी बेस मागितला नाही. मागितला असता तर बरं झालं असतं. नाही म्हणता आलं असतं किंवा हो. त्या नुसत्या घरभर वावरायच्या आणि त्यांची बोटं चालू असायची. जिन्याच्या कठड्यावर, टेबलाच्या कडेवर, बोलता बोलता दादाच्या खांद्यावर. टप, टप, टप, टप. दारं नसलेल्या घरात तो आवाज कुठूनही यायचा. मी वाचायला बसलो की ओळी त्या तालात पळायला लागायच्या आणि पानाच्या तळाशी आल्यावर काय वाचलं ते आठवायचं नाही. उठायचो, बेस घेऊन खिडकीशी जायचो, पुन्हा यायचो. खाली रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथला माणूस वर बघून हात करायचा. त्याला वाटत असेल, मी रोज कोणाबरोबर तरी नाचतोय.

"भाऊजी, पाठ नाही का दुखत?" एकदा वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मला नुसतं बघून दुखते."

रविवार जवळ येत होता. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मोठं दार उघडं टाकायचं, मावशीची रंगवलेली दारं भिंतीला लावायची, आसपासची माणसं येऊन खोक्यांवर बसायची आणि आम्ही वाजवायचं, असा तिथला रिवाज होता. आदल्या दिवशी दादा माझ्या खोलीत आला आणि येरझाऱ्या घालायला लागला. बसणं त्याला माहीतच नव्हतं.

"तिला एकदा वाजवू दे."

"मग माग ना तू."

"मागता येत नाही."

"मग कसं देऊ?"

"ठेव ना खाली, गाढवा! ठेवायला काय होतंय?"

तो खिडकीपर्यंत जाऊन आला. "तिला मी काय सांगून आणलंय माहितेय? तिथे बेस आहे, म्हणून."

"आणि मी आहे हे?"

"ते पण सांगितलं की," दादा म्हणाला. मग जरा थांबून, "नंतर."

तो वाईट नव्हता. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, आणि तेव्हा ते झाले नाहीत. मला त्याचंच जास्त लागलं.

रविवारी माणसं बरीच आली. सायकलवालाही आला, हात धुऊन. वहिनी पहिल्या रांगेत एका खोक्यावर बसल्या. आम्ही सुरुवात केली ती दादाच्या आवडत्या चालीने. तिची रचना साधी होती: पहिला भाग, तोच पुन्हा, मग एक वेगळा मधला भाग, आणि शेवटी परत पहिला. एवढं एक चक्र. ते तसंच फिरत राहतं आणि त्याच्यावर दादा त्याला सुचेल ते वाजवत जातो. तो कुठेही भरकटला तरी चालतं, कारण खाली बेस सांगत असतो आपण कुठल्या भागात आहोत ते. बेसने चुकायचं नाही. बाकी कोणाला काहीही माफ असतं.

मी चुकत नसे. ही बढाई नव्हे. घाबरट माणूस मोजत राहतो, एवढंच. त्या दिवशीही मोजत होतो. दुसरं की तिसरं चक्र होतं, पहिला भाग एकदा संपत आला होता, तो पुन्हा वाजवायचा होता. तेवढ्यात माझी नजर वहिनींच्या मांडीकडे गेली. त्यांची उजव्या हाताची बोटं चालली होती, आणि डावा हात हवेत न दिसणाऱ्या तारा दाबत होता. मला त्या हातावरून सूर वाचता येत होते. तो हात मधल्या भागात शिरला होता.

म्हणजे पहिला भाग दोनदा होऊन गेला? मी मोजताना कुठे गळलो? माझे कान सांगत होते की एकदाच झालाय. माझी बोटंही तेच सांगत होती. पण समोर त्या होत्या, ज्यांच्या चार सुरांनी गजर जिना उतरला होता. त्यांचं खरं की माझं?

मी मधल्या भागात गेलो.

गजर बेसच्या मागे जाणारा. तो माझ्यामागे आला. आणि दादा, डोळे मिटून, मान मागे टाकून, पहिल्या भागातलं काहीतरी उंच लांबवत होता तो एकटाच वर राहिला. शिडी काढून घेतल्यासारखा. त्याने डोळे उघडले. सुराला अशी काही मुरड घातली की समोरच्यांना वाटलं मुद्दामच केलं. सायकलवाल्याने टाळी वाजवली. पण त्या सुरातलं खेकसणं मला कळलं.

मध्यंतरात स्वयंपाकघरात दादा ग्लासभर पाणी प्यायला आणि त्याने विचारलं, "मधला भाग कुठून आणलास?"

"वहिनी वाजवत होत्या," मी म्हणालो. "मांडीवर."

"मी?" वहिनींनी हातातली बशी तशीच धरली. "अहो भाऊजी, मी ते वाजवतच नव्हते! मी मनातल्या मनात दुसरंच काहीतरी वाजवत होते. हॉटेलातलं. तुमच्याकडे बघून बसवेना म्हणून."

गजर इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे हा बरोबर होता? बरोबर असून चुकला?"

"गप रे," मावशी म्हणाली.

दादा हसला नाही. कपाळाला हात लावून म्हणाला, "तुझ्या कानांपेक्षा तुला तिची मांडी खरी वाटली?"

"वाक्य नीट बोल," वहिनी म्हणाल्या.

मला हसू येत नव्हतं. मी बरोबर होतो आणि तरी माझं सोडून दिलं होतं. बेस इतके दिवस घट्ट धरला, मनगटाला बांधला, आणि वाजवताना मात्र दुसऱ्याच्या रिकाम्या हाताच्या हवाली केला. मग मी धरलं काय होतं?

मी बेस वहिनींच्या पुढे केला. "घ्या."

त्या घरात ठेवणं होतं, उचलणं होतं; हातातून हातात देणं कोणी केलेलं नव्हतं. मावशीलाही यावर काय निकाल द्यावा सुचेना.

"मी मागितला नाही हं," वहिनी म्हणाल्या.

"माहितेय."

मी जाऊन त्यांच्या खोक्यावर बसलो. आमचं वाजवणं मी पहिल्यांदाच समोरून ऐकत होतो. त्यांनी सुरू केलं आणि दादा एकदम निवांत झाला. तो निवांत होऊ शकतो हेच मला माहीत नव्हतं. त्या सूर जरा उशिरा सोडायच्या, अगदी केसभर, त्यामुळे सगळ्यांना घाई नसल्यासारखं वाटायचं. मी तसं कधी वाजवलं नसतं. मी वेळेवर पोचणारा माणूस. चांगलं होतं, फार चांगलं होतं, आणि माझी बोटं मांडीवर चालायला लागली होती ती मी दुसऱ्या हाताने दाबून धरली.

चाल संपली. टाळ्या झाल्या. वहिनींनी बेस दादा आणि गजर यांच्या मधोमध जमिनीवर आडवा ठेवला आणि सरळ येऊन माझ्या शेजारच्या खोक्यावर बसल्या.

"हे काय?" मी कुजबुजलो.

"ठेवला."

"का?"

"दिलेला वाजवायला मजा नाही येत हो. सारखं वाटतं, तुम्ही बघताय." मग दादाकडे बघून हात हलवला, "तुम्ही करा सुरू."

दादाने माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, खांदे उडवले आणि गजरला मान हलवली. बेस मध्ये पडलेला, आणि हे दोघं वाजवायला लागले. तीच पहिली चाल. सॅक्सोफोन वर, ड्रम खाली, मध्ये काहीच नाही. समोरच्या लोकांना काही वाटलं नसेल. मला बसवेना. मजला नसलेल्या माडीवर दादा चालतोय असं दिसत होतं. पहिला भाग झाला. तोच पुन्हा झाला. कुठे कोणता सूर हवा ते मला ऐकू येत होतं, नव्हे, तो तिथे नाही हे दुखत होतं. शेजारी वहिनींची बोटं चालू झाली. मी मान वळवली नाही.

एवढ्या लोकांसमोरून उठून चालत जाणं मला एरवी जमलंच नसतं. कोणाच्या तरी पायावर पाय पडला, मी सॉरी म्हणालो, ते मोठ्याने ऐकू आलं. वाकलो, बेस उचलला, तो खरखरला. मधला भाग सुरू होऊन थोडा पुढे गेला होता, तिथे मी शिरलो. बरोबर जागी शिरलो असं माझं मत आहे. वहिनी आजही फोनवर म्हणतात की मी एक ठोका आधी शिरलो. दादा असता तर त्याला विचारलं असतं. त्याने तेव्हा वळूनही पाहिलं नाही, फक्त त्याचा सूर खाली आला आणि माझ्या सुरावर टेकला.

माणसं गेल्यावर मावशीने टेबलावर सूप आणि पाव मांडला. आता हा बेस घेऊन करायचं काय, हे मला कळेना. शेवटी मी तो बाहेरच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये, आडवा ठेवला. हात मोकळे झाले. त्यांचं काय करावं तेही कळेना. येऊन जेवायला बसलो. समोर वहिनी.

गजर काहीतरी सांगत होता, दादा त्याला खोडून काढत होता. दार नसल्यामुळे टेबलावरून बाहेरच्या खोलीत थेट बेस दिसायचा. मी एक घास घेतला. वहिनींनी घेतला. मी बाहेर बघितलं; त्यांनीही बघितलं, आणि मी बघतोय हे त्यांनी बघितलं. मी पावाचा मोठा तुकडा तोडला. त्यांनी चमचा सोडून सूपचा वाडगाच तोंडाला लावला.

"सावकाश गिळा," मावशी म्हणाली. "कोण मागे लागलंय?"

"कोणी नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. माझ्या तोंडात घास होता, त्यांच्याही. वहिनींनी वाडगा खाली आपटला, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, आणि मी पाव हातात तसाच घेऊन उठलो.